मधुमेहजन्य मूत्रपिंडविकारातील वृद्धिघटक

मधुमेहजन्य मूत्रपिंडविकारातील वृद्धिघटक ही पेशींनी पेशींसाठी स्रवलेली संदेशवाहक प्रथिने होत. दीर्घकालीन मधुमेहात मूत्रपिंडाची प्रथम अवाजवी वाढ आणि पुढे तंतुमय ऱ्हास घडून येण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. त्यांपैकी काही हा ऱ्हास रोखूनही धरतात. ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा (टीजीएफ-बीटा), रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा वृद्धिघटक (व्हीईजीएफ), इन्शुलिनसदृश वृद्धिघटक (आयजीएफ-१), संयोजी ऊतीचा वृद्धिघटक (सीटीजीएफ) आणि अधित्वचेचा वृद्धिघटक (ईजीएफ) ही त्यांतील प्रमुख नावे आहेत.

'साखरेने किडनी खराब झाली' असे सर्रास म्हटले जाते, आणि ते ऐकताना एखाद्या यंत्राचा भाग घासून झिजल्याचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात या विकाराचा आरंभ वाढीने होतो. मूत्रपिंड आकाराने मोठे होते, नेहमीपेक्षा जास्त रक्त गाळू लागते आणि कित्येक वर्षे कोणतीही तक्रार करीत नाही. हा उलटा क्रम समजला म्हणजे वृद्धिघटकांचा विषय समजणे सोपे जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार भारतातील सुमारे १०.१ कोटी लोकांना, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना, मधुमेह आहे. दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराच्या भारतीय नोंदणीत मधुमेह हे सर्वांत मोठे कारण ठरले असून सुमारे ३१ टक्के रुग्णांचा विकार मधुमेहामुळे उद्भवलेला होता.

संज्ञा

इंग्रजी 'ग्रोथ फॅक्टर' या संज्ञेसाठी मराठीत वृद्धिघटक, वाढघटक, वृद्धिकारक असे शब्द योजता येतात. येथे 'वृद्धिघटक' हा शब्द घेतला आहे. मात्र त्याच्या अर्थाविषयी थोडे सावध राहावे लागते. वृद्धी म्हटले की मराठी मनाला बरकत आठवते, व्याकरण शिकलेल्यांना आ, ऐ, औ हे स्वर आठवतात. जीवशास्त्रातील वृद्धिघटक एवढे शुभसूचक नाहीत. 'वाढ' हा त्यांच्या अनेक आदेशांपैकी केवळ एक आदेश आहे. विभागणी कर, विभागणी थांबव, जागा सोड, तंतू तयार कर, मरून जा, असे निरनिराळे आदेश ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहींमार्फत आत पोहोचवतात. एकच वृद्धिघटक एका प्रकारच्या पेशीला एक आणि दुसरीला नेमके उलट सांगू शकतो. टीजीएफ-बीटाच्या नावात 'ग्रोथ' असले तरी अनेक पेशींची विभागणी तो थांबवतो. तेव्हा नावावरून स्वभावाची परीक्षा करू नये.

'मूत्रपिंड' या शब्दाऐवजी पाठ्यपुस्तकांत 'वृक्क' हा शब्दही आढळतो. दोन्हींचा अर्थ एकच आहे.

शोधाचा पूर्वेतिहास

वृद्धिघटकांच्या अभ्यासाचा पाया रिटा लेव्ही-माँटाल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी अमेरिकेतील सेंट लुइस येथे १९५० च्या दशकात घातला. चेतातंतूंची वाढ घडवणारे प्रथिन शोधत असता ते उंदराच्या लाळग्रंथींत विपुल असल्याचे त्यांना आढळले. या ग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचला असता त्यांचे डोळे नेहमीपेक्षा कित्येक दिवस आधी उघडू लागले. दुसरा एखादा संशोधक हा प्रकार बाजूला ठेवून मूळ कामाकडे वळला असता. कोहेन यांनी त्याचाच पाठपुरावा केला, आणि त्यातून अधित्वचेचा वृद्धिघटक, म्हणजे ईजीएफ, हाती आला. त्याविषयीचा त्यांचा निबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला. या दोघांना १९८६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लाळग्रंथीत सापडलेले हे प्रथिन मूत्रपिंडाच्या नलिकांतही तयार होते आणि मूत्रातून बाहेर पडते, हे पुढे कळले.

मूत्रपिंडविकाराचा धागा वेगळ्या वाटेने आला. पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी १९३६ साली मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गोल गाठींचे वर्णन केले. त्या गाठींना आजही त्यांची नावे आहेत. गाठी कशाच्या आणि का, याचा उलगडा व्हायला मात्र अर्धशतक जावे लागले.

निरोगी मूत्रपिंडाची रचना

प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास वृक्काणू असतात. व्यक्तीव्यक्तींमध्ये ही संख्या बरीच कमीजास्त असते. प्रत्येक वृक्काणूच्या तोंडाशी केसासारख्या रक्तवाहिन्यांचा एक पुंजका असतो, त्याला केशिकागुच्छ म्हणतात. पुंजक्यातील वाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी म्हणजे मेसँजियल पेशी. वाहिन्यांभोवती आधारपटल नावाचा पातळ पडदा असतो आणि पडद्याच्या बाहेरून पोडोसाइट पेशी आपले असंख्य पाय एकमेकांत गुंतवून बसलेल्या असतात. रक्तातील पाणी, क्षार, साखर आणि टाकाऊ द्रव्ये या गाळणीतून पार होतात. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने मागे राहतात.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. शहरी पाणीपुरवठ्याचे आराखडे करताना माणशी दिवसाला १३५ लिटर हे माप धरले जाते. रावेतला पवनेतून उचललेले आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध झालेले जेवढे पाणी एका माणसाच्या वाट्याला यावे असे नियोजन असते, त्याहून अधिक द्रव त्याची मूत्रपिंडे रोज गाळीत असतात, आणि त्यातला जवळजवळ सगळा परत शोषून घेतात. या गाळलेल्या द्रवातून रोज सुमारे १८० ग्रॅम साखरही जाते. निरोगी माणसात ती सारी नलिकांच्या पहिल्या भागात परत शोषली जाते, मूत्रात उतरत नाही.

वाढीचा टप्पा

रक्तातील साखर वाढली की गाळली जाणारी साखरही वाढते आणि ती परत शोषण्याचे नलिकांचे काम वाढते. जास्त काम पडलेला स्नायू जसा भरतो, तशा या नलिका भरतात. मूत्रपिंडाचा बहुतांश आकार नलिकांनीच व्यापलेला असल्यामुळे सगळे मूत्रपिंडच मोठे होते. साखरेबरोबर सोडियमही अधिक शोषले जाते. पुढच्या भागात मीठ कमी पोहोचते. तिथल्या संवेदक पेशींचा 'रक्त कमी गाळले जात आहे' असा गैरसमज होतो आणि केशिकागुच्छात रक्त आणणारी वाहिनी रुंद होते. गुच्छातील दाब वाढतो व गाळण्याचा वेग प्रमाणाबाहेर जातो. याला अतिगालन म्हणता येईल. डेन्मार्कमधील कार्ल एरिक मोगेनसेन यांनी १९७३ साली दाखवून दिले की नुकताच मधुमेह झालेल्या तरुण रुग्णांत मूत्रपिंडाचा आकार आणि गाळण्याचा वेग दोन्ही वाढलेले असतात.

या पहिल्या वाढीत आयजीएफ-१ चा हात असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसते. उंदरांत मधुमेह निर्माण केल्यावर मूत्रपिंड मोठे होण्याच्या आधी, पहिल्या काही दिवसांतच, त्यात आयजीएफ-१ साठू लागतो. शरीरात आयजीएफ-१ ची निर्मिती मुख्यतः मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या वृद्धिसंप्रेरकावर अवलंबून असते. पीयूषिकेचा आणि मधुमेहाचा संबंध तसा जुना आहे. १९५३ साली पौल्सेन यांनी एका मधुमेही स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. बाळंतपणानंतर तिची पीयूषिका ग्रंथी निकामी झाली आणि त्यानंतर मधुमेहाने झालेला तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार आश्चर्यकारकरीत्या मागे हटला. या नोंदीनंतर काही काळ डोळे वाचवण्यासाठी पीयूषिका काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियाही झाल्या. आज तो उपाय अघोरी वाटतो. पण वाढीचे संदेश आणि मधुमेहाचे दुष्परिणाम यांचा संबंध त्यातून प्रथम माणसात दिसला, हे मान्य करावे लागते. पुढे १९८८ साली वृद्धिसंप्रेरकाचे जनुक जादा घातलेल्या उंदरांत केशिकागुच्छ कठीण होत गेल्याचे आढळले. आयजीएफ-१ जादा असलेल्या उंदरांत गुच्छ मोठे झाले, पण तसे कठीण झाले नाहीत. मोठे होणे आणि कठीण होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट झाले. दुसऱ्या गोष्टीसाठी दुसरा घटक लागतो.

टीजीएफ-बीटा आणि तंतुमयता

तो दुसरा घटक म्हणजे टीजीएफ-बीटा. शरीरात जखम भरून येते तेव्हा कोलॅजेनसारख्या तंतूंचे जाळे विणण्याचे काम मुख्यतः त्याच्या हुकुमाने होते. काम संपले की तो शांत होतो आणि जादा तंतू हळूहळू विरघळवले जातात. मधुमेहात हे 'काम संपले' असे कधी होतच नाही. वाढलेली साखर, गुच्छातील दाबाने ताणल्या गेलेल्या पेशी, अँजिओटेन्सिन-२ हे रक्तदाब वाढवणारे द्रव्य आणि साखर चिकटून विकृत झालेली प्रथिने, ही चारही कारणे स्वतंत्रपणे मेसँजियल पेशींना टीजीएफ-बीटा तयार करायला लावतात.

त्यातही एक खुबी आहे. टीजीएफ-बीटा पेशीबाहेर येतो तो दुसऱ्या एका प्रथिनाच्या वेष्टनात, निष्क्रिय अवस्थेत. वेष्टन सुटल्याशिवाय तो काही करू शकत नाही. हे वेष्टन सोडवणाऱ्या रेणूंपैकी थ्रॉम्बोस्पाँडिन-१ हा रेणू वाढलेल्या साखरेमुळे अधिक प्रमाणात तयार होतो. म्हणजे मधुमेह शस्त्रही घडवतो आणि म्यानही काढतो.

मोकळा झालेला टीजीएफ-बीटा तीन गोष्टी करतो. मेसँजियल पेशीला तो विभागणीच्या उंबरठ्यावर अडवून ठेवतो, त्यामुळे ती फुगते पण दुभंगत नाही. तो तिला कोलॅजेन आणि फायब्रोनेक्टिन भरपूर तयार करायला लावतो. आणि हे तंतू विरघळवणाऱ्या विकरांना तो आवर घालतो. विणणे चालू आणि उसवणे बंद, अशी अवस्था होते. गुच्छातील वाहिन्यांमधली जागा तंतूंनी भरत जाते, वाहिन्या चेपल्या जातात. किमेलस्टील आणि विल्सन यांना दिसलेल्या गाठी म्हणजे हाच साठा होय. मधुमेही माणसांच्या मूत्रपिंडांत टीजीएफ-बीटा खरोखरच वाढलेला असतो, हे १९९३ साली यामामोटो व सहकाऱ्यांनी दाखवले. सीटीजीएफ हा या कामातील त्याचा मदतनीस आहे. टीजीएफ-बीटाचा तंतू विणण्याचा आदेश बऱ्याच अंशी त्याच्यामार्फत अमलात येतो.

एवढे वाचून टीजीएफ-बीटा हा खलनायक आहे असे वाटणे साहजिक आहे. परंतु टीजीएफ-बीटा-१ चे जनुक काढून टाकलेले उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांतच सर्वांगात दाह पसरून मरतात. रोगप्रतिकारक पेशींना लगाम घालणे हेही त्याचेच काम असते.

व्हीईजीएफ: दोन्ही बाजूंनी संकट

व्हीईजीएफची गोष्ट याहून बोधप्रद आहे. नवीन रक्तवाहिन्या फुटण्यासाठी आणि आहेत त्या वाहिन्यांचे अस्तर शाबूत राहण्यासाठी तो लागतो. केशिकागुच्छात तो पोडोसाइट तयार करतात आणि वाहिनीच्या आतील अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. मधुमेहाच्या आरंभकाळात तो वाढतो, वाहिन्या पाझरू लागतात. मधुमेही उंदरांना व्हीईजीएफविरोधी प्रतिपिंड दिले असता अतिगालन आणि मूत्रातील अल्ब्युमिन कमी झाल्याचे प्रयोग २००१ पासून प्रसिद्ध होऊ लागले. साहजिकच आशा वाढल्या.

याच सुमारास, २००३ साली, व्हेरा एरेमिना व सहकाऱ्यांनी उंदरांच्या पोडोसाइटमधील व्हीईजीएफचे प्रमाण जनुकीय तंत्राने बदलून पाहिले. ते फार वाढवले तर पिलांचे केशिकागुच्छ कोलमडले. पूर्ण काढून टाकले तर गुच्छ नीट घडलेच नाहीत. निम्मे केले तरीही विकार झाला. माणसातील पुरावा कर्करोगाच्या रुग्णांकडून आला. व्हीईजीएफला अडवणारे बेव्हासिझुमॅब हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांच्या मूत्रात प्रथिने उतरू लागली आणि केशिकागुच्छांत रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्या आढळल्या. मधुमेहजन्य विकार बराच पुढे गेल्यावर पोडोसाइटच गळून पडतात, तेव्हा मूत्रपिंडातील व्हीईजीएफ आपोआप घटतो आणि वाहिन्या ओस पडू लागतात. अशा अवस्थेत त्याला आणखी अडवणे म्हणजे बुडत्याचा पाय खोलात ढकलणे होय.

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला सूज आलेल्या रुग्णांना नेत्रतज्ज्ञ व्हीईजीएफविरोधी इंजेक्शने देतात आणि त्यांनी दृष्टी वाचते, हे अनेक कुटुंबांना अनुभवाने ठाऊक आहे. तेच औषध मूत्रपिंडासाठी का देत नाहीत, असा प्रश्न त्यामुळे विचारला जातो. डोळ्यात औषध अत्यल्प मात्रेत, जागच्या जागी दिले जाते. मूत्रपिंडासाठी ते सर्व शरीरात द्यावे लागेल, आणि तेथील गाळणीला रोजच्या जगण्यासाठी व्हीईजीएफ हवा असतो, हे त्याचे उत्तर आहे.

राखण करणारे घटक

सर्वच वृद्धिघटक मधुमेहात वाढतात असे नाही. नलिकांत तयार होणारा ईजीएफ विकार वाढत जाईल तसा घटत जातो. नलिकांच्या इजा झालेल्या पेशींची भरपाई करण्यास तो मदत करीत असल्याने मूत्रातील त्याची घट ही नलिका किती शिल्लक आहेत याची खूण मानली जाते. यकृतपेशींचा वृद्धिघटक (एचजीएफ) आणि बीएमपी-७ हे दोघे टीजीएफ-बीटाच्या कामाला विरोध करतात आणि प्राण्यांत तंतुमयता कमी करतात. लाल रक्तपेशींची वाढ घडवणारे एरिथ्रोपोएटिन हे मूत्रपिंडातच तयार होते. विकार बळावल्यावर रुग्ण फिकट दिसू लागतो, धाप लागते, त्यामागे या घटकाची उणीव हे एक प्रमुख कारण असते. ते इंजेक्शनच्या रूपाने देता येते. या विकारात औषध म्हणून नित्य वापरला जाणारा हाच काय तो वृद्धिघटक आहे.

पुणे परिसरातील संशोधन

मधुमेहाविषयीच्या भारतीय संशोधनात पुण्याचे स्थान महत्त्वाचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. या गावांत जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी तुलना करता ती हडकुळी होती. स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. 'दिसायला बारीक, आतून स्थूल' ही भारतीय शरीराची ओळख या कामामुळे जगभर पोहोचली.

याचा मूत्रपिंडाशी संबंध असा लावता येतो. गर्भाच्या मूत्रपिंडात नलिकांना फांद्या फुटून वृक्काणू तयार होतात, ते जीडीएनएफ नावाच्या वृद्धिघटकाच्या प्रेरणेने. हे काम जन्मापूर्वी, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत आटोपते. त्यानंतर आयुष्यभर नवा वृक्काणू तयार होत नाही. कमी वजनाच्या बालकांत वृक्काणूंची संख्या बहुधा कमी असते. शिदोरी कमी असली की प्रत्येक वृक्काणूला अधिक गाळावे लागते, दाब वाढतो आणि पुढे मधुमेह झाल्यास त्या वाढलेल्या दाबावर आणखी दाब चढतो. बॅरी ब्रेनर यांनी १९८८ साली उच्च रक्तदाबाच्या संदर्भात हे अनुमान मांडले.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने हे अनुमान विचार करण्यासारखे आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि सांगवी, दापोडी, भोसरी ही नदीकाठची व माळावरची गावे पाहता पाहता कामगारांची उपनगरे बनली. दुष्काळी तालुक्यांतून आलेल्या कामगारांपैकी अनेकांचे बालपण अर्धपोटी गेले, आणि उतारवय बैठे व गोडधोडाचे गेले. पोटात असताना कमी आणि पुढे जास्त, असा हा प्रवास एका आयुष्यात घडला. वृक्काणूंची शिदोरी आणि साखरेचे ओझे यांची गाठ अशा पिढीत पडणे स्वाभाविक आहे.

पुण्यातीलच दुसरा विचार वेगळ्या दिशेने जातो. उत्क्रांतीचे अभ्यासक डॉ. मिलिंद वाटवे यांनी डॉ. याज्ञिक यांच्यासह २००७ साली एक गृहीतक मांडले. अंगमेहनतीच्या, झुंजीच्या जीवनाकडून बुद्धीच्या बळावरील जीवनाकडे वळताना शरीर इन्शुलिनला मुद्दामच कमी प्रतिसाद देऊ लागते, असा त्याचा आशय आहे. पुढे आपल्या इंग्रजी ग्रंथात वाटवे यांनी त्याचा विस्तार केला. झुंजणाऱ्या उंदराच्या लाळग्रंथीतून ईजीएफ आणि चेतातंतूंचा वृद्धिघटक रक्तात उतरतात. अंगमेहनत आणि झुंज संपलेल्या जीवनात अशा घटकांची वाण पडते, आणि मधुमेहातील अनेक गुंतागुंती केवळ साखरेमुळे न होता या उणिवेमुळेही होत असाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कोहेन यांच्या लाळग्रंथींची येथे अशी पुन्हा गाठ पडते. हे गृहीतक सर्वमान्य नाही. १९९३ साली पूर्ण झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत साखरेच्या कडक नियंत्रणामुळे पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मूत्रातील अल्ब्युमिन सूक्ष्म प्रमाणात वाढण्याचा धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला होता, तेव्हा साखरेला निर्दोष ठरवता येत नाही. तरीही वृद्धिघटकांचा अतिरेक आणि उणीव या दोन्हींकडे एकत्र पाहण्याची दृष्टी त्यातून मिळते, एवढे श्रेय त्याला द्यावे लागेल.

पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत साखर चिकटलेल्या प्रथिनांवर संशोधन झाले आहे. मधुमेही रुग्णांच्या परिचयाची एचबीए१सी ही तपासणी अशाच एका प्रथिनाचे, म्हणजे साखर चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे, मापन असते. रक्तातील दीर्घायुषी प्रथिनांवर साखर चिकटून कालांतराने जी विकृत संयुगे बनतात, ती मूत्रपिंडाच्या पेशींवरील ग्राहींना जखडून टीजीएफ-बीटा आणि व्हीईजीएफ यांची निर्मिती वाढवतात.

उपचार: थेट हल्ला आणि आडवाट

टीजीएफ-बीटाला प्रतिपिंडाने थेट अडवावे, ही कल्पना प्रयोगशाळेत यशस्वी झाली होती. २००० साली झियादे व सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांत असे प्रतिपिंड देऊन तंतूंचा साठा रोखला आणि मूत्रपिंडाचे कार्य टिकवले. मूत्रातील अल्ब्युमिन मात्र त्यात लक्षणीय घटले नव्हते. ही गोष्ट तेव्हा किरकोळ वाटली असेल. माणसांतील चाचणीत ४१६ रुग्णांचा समावेश होता. औषधाचा उपयोग होण्याची शक्यता नाही असे दिसल्यावर ती ठरलेल्या मुदतीच्या चार महिने आधी थांबवण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मूत्रपिंडाच्या ऱ्हासाचा वेग प्लासिबो घेणाऱ्यांइतकाच राहिला होता.

अपयशाची कारणे अनेक सांगितली जातात. रुग्णांचा विकार आधीच पुढे गेलेला होता. ते सर्व जण अँजिओटेन्सिनला आवर घालणारी औषधे घेतच होते. अंकुश फक्त एका प्रकारच्या टीजीएफ-बीटावर होता. पण याहून मूलभूत कारण वर आलेच आहे. वृद्धिघटक हे निरोप्यासारखे असतात. निरोप्याला अडवले तरी निरोप धाडणारी परिस्थिती तशीच राहते, आणि ती दुसरा निरोप्या शोधते.

ज्या औषधांनी खरोखर गुण दिला ती सारी परिस्थिती बदलणारी आहेत. १९९३ साली कॅप्टोप्रिल आणि २००१ साली लोसार्टन व इर्बेसार्टन या औषधांच्या चाचण्या यशस्वी झाल्या. ही औषधे अँजिओटेन्सिनला आवर घालून गुच्छातील दाब उतरवतात. कॅप्टोप्रिलच्या चाचणीतील रुग्णांच्या साठवलेल्या रक्ताची पुढे तपासणी झाली, तेव्हा ज्यांच्या रक्तातील टीजीएफ-बीटा कमी झाला होता त्यांची मूत्रपिंडे अधिक चांगली टिकल्याचे दिसले. घटकाला हात न लावता घटक उतरला होता.

दुसरी औषधे थेट नलिकांच्या ओझ्याला हात घालतात. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळे काढलेले फ्लोरिझिन हे द्रव्य मूत्रात साखर उतरवते, हे एकोणिसाव्या शतकातच ठाऊक होते. नलिकांतील साखर-शोषक प्रथिनाला अडवणारी आधुनिक औषधे त्याचीच वंशज होत. कॅनाग्लिफ्लोझिन (२०१९) आणि डापाग्लिफ्लोझिन (२०२०) यांच्या मोठ्या चाचण्यांत मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. साखर परत शोषण्याचे जादा काम गेले की नलिकांना वाढण्याचे कारण उरत नाही आणि अतिगालनही थांबते. त्यानंतर फिनेरेनोन आणि सेमाग्लुटाइड यांचीही भर पडली. कोणते औषध कोणाला द्यायचे हा निर्णय अर्थातच वैद्यांचा आहे.

साठलेले तंतू कधी विरघळतात का, या प्रश्नाला एक उत्तर १९९८ साली मिळाले. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या आठ रुग्णांवर स्वादुपिंडाचे प्रत्यारोपण झाले होते. त्यांची रक्तशर्करा तेव्हापासून पूर्ण प्राकृत होती. पाच वर्षांनी त्यांच्या मूत्रपिंडाचे तुकडे तपासले, तेव्हा काहीही सुधारणा नव्हती. दहा वर्षांनी तपासले, तेव्हा आधारपटलाची जाडी आणि गुच्छातील तंतूंचा साठा कमी झालेला होता. पाच वर्षांनी थांबले असते तर हा विकार मागे फिरत नाही असाच निष्कर्ष छापला गेला असता.

निदान आणि एक प्रचलित गैरसमज

विकाराचे पहिले मोजता येणारे चिन्ह म्हणजे मूत्रातील अल्ब्युमिन. दिवसाला ३० ते ३०० मिलिग्रॅम अल्ब्युमिन उतरणे ही प्रारंभीची अवस्था समजली जाते; त्यापुढे विकार प्रस्थापित झाला असे मानतात. व्यवहारात सकाळच्या मूत्राच्या एका नमुन्यात अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर पाहतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच आणि नंतर दरवर्षी ही तपासणी करावी, पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर दरवर्षी करावी, असा संकेत आहे. रक्तातील क्रिएटिनिन मात्र गाळण्याची क्षमता बरीच घटेपर्यंत प्राकृत मर्यादेत राहू शकते. केवळ 'क्रिएटिनिन नॉर्मल' हा शेरा वाचून फाइल मिटवून ठेवणे घातक ठरते.

सोनोग्राफीच्या अहवालाबाबतही असाच घोटाळा होतो. इतर बहुतेक दीर्घकालीन विकारांत मूत्रपिंडे आक्रसतात. मधुमेहात आरंभीच्या वाढीमुळे विकार बराच पुढे गेल्यावरही ती प्राकृत आकाराची किंवा मोठी दिसू शकतात. 'दोन्ही किडन्या साइजला नॉर्मल आहेत' हे वाक्य मधुमेही माणसाच्या घरात दिलासा म्हणून वाचले जाते. या विकारात आकारावरून कार्याचा अंदाज बांधता येत नाही, हे त्या वाक्याखाली छापलेले नसते.

मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिस किंवा प्रत्यारोपण हेच मार्ग उरतात. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. तथापि आठवड्यातून दोन-तीन वेळा काही तास यंत्राला जोडून घ्यायचे म्हणजे पाळीच्या कामावर जाणाऱ्या माणसाचा रोजगार बहुधा सुटतो, आणि तो खर्च कोणत्याही योजनेत धरलेला नसतो.

मूत्रातील ईजीएफचे प्रमाण पाहून कोणाचा विकार झपाट्याने वाढेल याचा अंदाज करता येतो, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसून आले. अल्ब्युमिन गाळणीची गळती सांगते, ईजीएफ नलिकांची शिल्लक सांगतो. नेहमीच्या तपासण्यांत मात्र त्याचा अद्याप समावेश झालेला नाही.